पायलीभर नागली

राही बापाला मामा म्हणायची आणि आईला मामी. सापगावच्या वरच्या अंगाला बारा घरांची ठाकरवाडी आहे, तिथं याचं कोणाला नवल नव्हतं. नवल वाटलं असतं ते बाहेरच्या माणसाला, आणि बाहेरचं माणूस तिथवर चढून येतंय कशाला?

त्याचं असं झालं होतं. बुधू आणि सावळी यांची चार मुलं राहीच्या आधी गेली होती. दोन पाचवीच्या आत, एक दीड महिन्याचं, आणि एक तर अंगणभर चालायला लागल्यावर. पाचव्या खेपेला मुलगी झाली तेव्हा वाडीतल्या जुन्या बायकांनी बुधूला बजावलं, तुझ्या नावावर पोर टिकत नाही, ही विकून टाक. विकणं म्हणजे काही खरं विकणं नव्हे, पण अगदी खोटंही नव्हे. पाचवीच्या सकाळी बुधूनं पोरीला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. खालच्या गावातून जयराम गिरणीवाला आला. जयराम कुणबी, घरचं शेत, पिठाची गिरणी, आणि बुधूचा लहानपणापासूनचा सोबती. दोघांनी एकाच माळावर गुरं राखलेली. त्यानं बुधूच्या अंगणात पायलीभर नागली ओतली, सूप उचललं आणि चार माणसांदेखत म्हणाला, "पोर माजी." बुधू म्हणाला, "तुजीच." झाला सौदा. नागली कोंबड्यांनी टिपली, कारण पोरीच्या मोलाचं घरात कोणी खात नाही. मग जयरामनं वेशीपर्यंत जाऊन, मागं फिरून पोर सावळीच्या ओटीत घातली, माझी पोर नीट सांभाळ म्हणून सांगितलं आणि गिरणी उघडायला निघून गेला.

तिथून पुढं बुधूनं राहीला आपली म्हणायचं नाही. कोणापुढंही नाही, कधीही नाही. म्हटलं की संपलं. ही अट सुटणार होती ती तिच्या लग्नात. मांडवात बुधू जयरामला पायलीभर नागली परत देणार आणि पोर मागून घेणार. म्हणजे ज्या दिवशी पोर बापाची व्हायची त्याच दिवशी ती सासरी जायची. असला व्यवहार ज्यानं कोणी बसवला त्याला एकदा समोर बसवून जाब विचारायला हवा. पण राही जगली, एवढं खरं. काटक निघाली, कधी तापानं चार दिवस अंथरुणाला खिळली नाही.

सहा वर्षांची झाल्यावर जयराम तिला आणि स्वतःच्या भाविकाला दोन हातांना धरून शाळेत घेऊन गेला. गुरुजींनी विचारलं, पोरी कोणाच्या? जयराम म्हणाला, "दोनी माज्याच." तो बिचारा दुसरं काय बोलणार? गुरुजींनी दोघींच्या नावापुढं जयराम लिहिलं, दोघींची जात कुणबी लिहिली आणि दोघींची जन्मतारीख एक जून लिहिली, तेव्हाच्या अर्ध्या तालुक्याची असायची तशी. शाई वाळली. पुढची पंधरा वर्षं त्या ओळीकडं कोणी वळून पाहिलं नाही.

दोघी शहापूरच्या कॉलेजातून बीकॉम झाल्या तेव्हा दोन हजार पाच साल होतं. एमबीएचं खूळ भाविकाचं. तिनं कल्याणला जाऊन जुन्या पुस्तकांच्या दुकानातून सीईटीच्या तयारीचा एक जाडजूड ठोकळा आणला. आधीच्या मालकानं पेन्सिलीनं सगळी उत्तरं लिहून ठेवली होती, आणि त्यातली निम्मी चुकलेली होती. दोघींनी आठ दिवस बसून ती खोडरबरानं पुसली.

अभ्यासाची वेळ विजेनं ठरवून दिली होती. त्या वर्षी भारनियमन इतकं होतं की दुपारचे चार-चार तास गिरणी बंद. वीज असली की पट्ट्याचा आणि जात्याचा आवाज, लोकांचे डबे, पिठाचा धुरळा. वीज गेली की सगळं चिडीचूप. मग जयराम बाजेवर आडवा व्हायचा आणि पोरी पिठाच्या फळीपाशी पुस्तक उघडायच्या. भाविका भिंतीवरच्या घड्याळावर डोळा ठेवून प्रश्न वाचायची, राही फळीवरच्या पिठात बोटानं उत्तराचा आकडा काढायची.

आकडेमोडीत भाविका पटाईत. पण उताऱ्यांत, वाक्यं दुरुस्त करण्यात, युक्तिवाद तपासण्यात राहीचा हात कोणी धरू शकत नव्हतं. भाविकाला याचं फार आश्चर्य वाटायचं.

"तुझं इंग्लिश माझ्यापेक्षा कच्चं, मग तुला जमतं कसं गो?"

"तू वाचतेस आणि पुढं जातेस," राही म्हणायची. "मला प्रत्येक शब्दाला थांबायला लागतं. थांबलं की दिसतं, ह्यानं काय सांगितलं आणि काय नुसतं गृहीत धरलं."

खरंच होतं ते. घरी वाडीची बोली, शाळेत पुस्तकी मराठी, आणि त्यावर ही तिसरी भाषा. राही कुठल्याच वाक्यात चपला घालून बिनधास्त शिरत नसे.

पुस्तकात एक प्रकार होता. चार वाक्यं द्यायची आणि प्रत्येकापुढं लिहायचं, हे घडलेलं सत्य, की त्यावरून काढलेला निष्कर्ष, की नुसतं मत. फॅक्ट, इन्फरन्स, जजमेंट. एकदा भाविकानं खट्याळपणे पुस्तक मिटून विचारलं, "राही जयरामची मुलगी आहे. बोल, काय?"

बाजेवरचा जयराम डोळे मिटूनच हसला. राहीनं पिठात रेघ मारली आणि पुसली. "पुढचा प्रश्न घे," ती म्हणाली.

एका दुपारी बुधू दळण घेऊन आला. वीज गेलेली. तो डबा पुढ्यात ठेवून भिंतीला टेकून बसला आणि पोरींचं ऐकू लागला. इंग्रजीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण राहीच्या तोंडून ते बाहेर पडताना त्याचा चेहरा असा फुलायचा की जयरामला त्याच्याकडं बघवत नसे. मध्येच त्यानं विचारलं, "काय लिवलंय गो त्याच्यात?"

राहीनं त्याला समजेल असं सांगितलं. एका गावात नवा पाटील आला. त्यानंतर गावातल्या चोऱ्या बंद झाल्या. म्हणून लोक म्हणतात, पाटलानं चोऱ्या बंद केल्या. यात चूक काय?

"काय चूक?" बुधू म्हणाला. "बेस केलान की पाटलानं."

"नाय मामा. पाटील आधी आला आणि चोऱ्या मागून थांबल्या. मागून झालं म्हणजे त्याच्याचमुळं झालं, असं नसतं."

बुधूनं बराच विचार केला. "मंग कशानं थांबल्या?"

"ते पुस्तकात नाय. पाटलामुळं थांबल्या असं म्हणता येत नाय, एवढंच."

"मंग पुस्तक अर्धाच हाय," बुधू म्हणाला. भाविका पोट धरून हसली. राहीही हसली. तेवढ्यात वीज आली, आणि जात्याच्या आवाजात ते राहून गेलं.

फेब्रुवारीत परीक्षा झाली, निकाल लागला. राहीला भाविकापेक्षा अठरा मार्क जास्त. खुल्या यादीत मुंबईच्या चांगल्या कॉलेजापर्यंत दोघीही पोचत नव्हत्या. पण राही ठाकर होती. आदिवासींच्या यादीत तिचं नाव पहिल्या दहांत येत होतं. फी माफ, हॉस्टेल माफ, दोन वर्षं मुंबईत राहून शिकायचं आणि मोठ्या पगाराची नोकरी. वाडीत तोवर दहावीच्या पुढं गेलेली ती एकटी. भाविकासाठी पुण्याचं एक खासगी कॉलेज ठरलं. तिची फी भरतानाच जयराम मेटाकुटीला येणार होता, दुसरीची भरणं त्याच्या बापजन्मी शक्य नव्हतं. तेव्हा राहीसाठी रस्ता एकच, आणि त्या रस्त्यावर एक कागद हवा होता, की ही मुलगी ठाकर आहे.

आणि शाळेच्या दाखल्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, राही जयराम, हिंदू कुणबी.

शहापूरच्या खिडकीतल्या कारकुनानं दाखला बघून कपाळाला हात लावला. कुठून कुठून कागद गोळा झाले, आणि प्रकरण ठाण्याला जातीचे दाखले तपासणाऱ्या कचेरीत गेलं. जून महिन्यातली तारीख मिळाली. दोन्ही बाप हजर करा, असं लिहून आलं. दोन्ही बाप! त्या कागदावर राही चिडून हसली होती.

तिनं तयारी केली ती अगदी परीक्षेसारखी. कुठला प्रश्न येईल, त्याला काय उत्तर, सगळं वहीत लिहिलं. बुधूची बाजू भक्कम होती. त्याचा स्वतःचा दाखला होता, त्याच्या आज्याचं नाव जंगलखात्याच्या जुन्या कागदात होतं. जयराम शपथेवर सगळी हकिकत सांगायला तयार होता. राहीचा जन्म घरातला, त्यामुळं दवाखान्याची नोंद नव्हती. सावळीचं तर नावच काढायला नको. ती पोरीला जेवायला हाक मारतानाही "जयरामाची पोर, ये गो" म्हणायची. उरला तो बुधूचा जबाब. त्यानं एक वाक्य बोलायचं होतं. ही माझी मुलगी.

राहीनं त्याला आधी विचारलं नाही. हीच तिची चूक. ज्या पोरीला कुठल्याही उताऱ्यात लेखकानं काय गृहीत धरलंय ते क्षणात दिसायचं, तिनं स्वतः एवढी मोठी गोष्ट गृहीत धरली. एका वाक्यावर आपलं सगळं आयुष्य अडलंय म्हटल्यावर बाप ते बोलेलच, असं तिला वाटलं. कुणालाही वाटलं असतं.

तिघं एसटीनं ठाण्याला गेले. बुधूनं धुवट धोतर नेसलं होतं, डोक्याला नवा पटका बांधला होता. कचेरीत तीन तास बाकावर बसले. मग आत बोलावलं.

समोर एक अधिकारी बाई होत्या. पन्नाशीच्या, आवाजानं शांत. पुष्कळदा अशा गोष्टीत वाईट माणूस खुर्चीत बसलेला असतो आणि आपल्याला शिव्या द्यायला बरं पडतं. इथं तसं नव्हतं. बाईंनी सगळे कागद आधीच वाचले होते. त्यांनी जयरामला विचारलं, जयरामनं सुपापासून शाळेपर्यंत सगळं सांगितलं. "पोर ह्याची हाय बाई. मी नुसती घेतली व्हती. रीत हाय आमच्याकडं." बाईंनी मान डोलावली. त्यांना ही रीत नवी नसावी.

"छान," त्या म्हणाल्या आणि पेन उचललं. "बुधूकाका, आता तुम्ही सांगा. ही राही तुमची कोण?"

बुधू उभाच होता. बस म्हटलं तरी बसला नव्हता. त्यानं राहीकडं पाहिलं नाही.

"ती जयरामाची पोर," तो म्हणाला.

राहीला वाटलं, त्याला प्रश्न कळला नाही. बाईंनाही तसंच वाटलं. त्यांनी हळू, सोपं करून विचारलं. "तिला जन्म कोणी दिला? तुमच्या बायकोनं ना? मग ती तुमची मुलगी, बरोबर?"

"जयरामानं घेतली ती. पायलीभर नागली दिली. पोर त्याची."

"अरे बुधू, बोल की!" जयराम ओरडला. "मी सांगतोय ना, सोडली तुला!"

"मांडवात सोडायची, जयराम. इथं नाय."

बाईंनी राहीला आणि जयरामला बाहेर थांबायला सांगितलं. दार बंद झालं. बाहेरच्या बाकावर बसून राहीनं भिंतीवरच्या घड्याळात बारा मिनिटं मोजली. परीक्षेत बारा मिनिटांत एक उतारा आणि सहा प्रश्न व्हायचे. मग दार उघडलं. बाईंच्या चेहऱ्यावरूनच काय ते कळलं.

"मुली, ते शपथेवर जे बोलले तेच मला लिहावं लागलं," बाई म्हणाल्या. "मी पुष्कळ समजावलं. मी पंधरा दिवसांनंतरची तारीख देते. तुझ्या प्रवेशाची यादीही तेव्हाच बंद होते ना? त्याआधी त्यांना घेऊन ये. एक वाक्य, बस. नुसता अंगठा दिला तरी चालेल."

तिघांनी परतीची एसटी धरली. जयराम शहापूरलाच उतरला, काहीतरी आणायचं आहे म्हणून. खरं तर त्याला त्या दोघांसोबत चालवत नव्हतं. राही आणि बुधू सापगावच्या फाट्यावर उतरले आणि वाडीची वाट चढू लागले. अर्ध्या चढावर राही थांबली.

"का?" ती म्हणाली. "एक वाक्य होतं. मी वर्षभर डोकं घातलं त्या पुस्तकात. तुला माझं चांगलं बघवत नाय काय? तू मला इकलीस, आन् आता इकलेलीच ठेवणार?"

बुधूनं डोक्याचा पटका सोडला. घामानं भिजलेला तो कपडा हातात धरून तो खाली बघत राहिला.

"नुसता अंगठा दे," राही म्हणाली. ती रडत होती आणि तिला त्याची लाजही वाटत नव्हती. "बोलू नको. तोंड उघडू नको. नुसता अंगठा."

"अंगठा दिला म्हंजे बोललोच की."

"मामा, असं काय होत नसतं रे! ती पोरं तापानं गेली असतील, पाण्यानं गेली असतील..."

"चार येळा बोललो मी," बुधू म्हणाला. "पयला झाला तवा वाडीभर सांगत फिरलो, माझा पोर, माझा पोर. दुसऱ्याला बोललो. तिसऱ्याला बोललो. ती चालणारी, तुझ्याहून मोठी, ती तर माझ्या खांद्यावरच असायची. बाजारात घेऊन गेलो. एकानं इचारलं, कोणाची रे ही? मी बोललो, माझी. आठ दिसांत गेली. चार येळा बोललो, चारी गेली. तुझ्या येळेला नाय बोललो. तू हायस."

राहीला त्यातली चूक दिसत होती. पुस्तकात त्या चुकीला नाव होतं, आणि ते नाव तिला पाठ होतं. मागून झालं म्हणजे त्याच्याचमुळं झालं असं नसतं. असल्या प्रश्नाला तिला दहा सेकंदही लागत नसत. ती तोंड उघडणार तोच बुधूनं मान वर केली. तो वाद घालत नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मंग कशानं गेली, सांग. तू शिकलीस. सांग, कशानं गेली?"

कोणी डॉक्टर तेव्हा वाडीत चढून आला नव्हता, कोणी कागदावर काही लिहिलं नव्हतं. कशानं गेली ते कोणालाच माहीत नव्हतं.

ती पुढं चालू लागली. बुधू मागून येत राहिला.

घरी सावळीनं सगळं ऐकून घेतलं आणि चुलीतलं लाकूड पुढं सारत म्हणाली, "लगीन लावा तिचं. मंग बोलंल तो."

राहीला आधी संताप आला. मग रात्रभर डोळ्याला डोळा न लागता तिनं तेच घोळवलं, आणि सकाळी उठून ती म्हणाली, "लावा. मुलगा कसला का असंना. पंधरा दिवसांत लावा. दुसऱ्या दिवशी मामाला घेऊन मी ठाण्याला जाते." एमबीएसाठी लग्न करायला निघालेली मुलगी तालुक्यात तोवर झाली नसेल. तिनं हिशेब मांडला होता: नवरा काय, समजावता येईल, नाही समजला तर सोडता येईल, कागद मात्र कायमचा राहील. इतक्या थराला ती गेली होती.

पण बुधूनं दाराबाहेर हात केला. पाऊस लागला होता. वाडीच्या खाली सगळ्या खाचरांत पाणी भरलेलं, राबातली भाताची रोपं उगवून आलेली.

"आवणीत कोण लगीन लावतं?" तो म्हणाला. त्यात अडवणूक नव्हती. त्याला खरंच वाईट वाटत होतं. "भात घरात येऊ दे. तुळशीचं लगीन होऊ दे. मंग पयला मांडव तुझा."

"तेव्हा काय उपयोग?"

"सायेबबाई थांबंल की. भली बाई हाय."

राहीनं कपाळ बडवून घेतलं. तरी ती एकदा गेली. भटाकडं गेली, वाडीतल्या धवलेरी बाईकडं, जी लग्नाची गाणी म्हणून लग्न लावते, तिच्याकडं गेली. सगळ्यांनी तिच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की पोरीला काहीतरी झालंय. गुपचूप कोणाशी लग्न लावून दिलं तर ते लग्न बुधूच्या लेखी लग्न नव्हतं. मांडव हवा, धवळे हवेत, चार माणसं हवीत, नागली हवी. त्याशिवाय सुटका नाही.

पंधराव्या दिवशी राही आवणीला गेली. चिखलात वाकून दिवसभर रोपं लावली. ठाण्याच्या कचेरीत आपल्या नावाचा पुकारा झाला असेल, हे तिला साधारण किती वाजता वाटलं कोण जाणे; बांधावर बसून तिनं भाकरी खाल्ली नाही, एवढं सावळीनं पाहिलं. आठवड्यानं भाविका पुण्याला गेली. जाताना ती पुस्तक घेऊन वाडीवर आली होती. "पुढच्या वर्षी परीक्षा परत दे ना," ती म्हणाली. पुढच्या वर्षीही तोच कागद लागणार होता. दोघींनाही ते माहीत होतं, आणि कागदासाठी लग्न करायचा राहीचा तो हट्ट एव्हाना विझला होता.

राहीला मुरबाडच्या एका कारखान्यात पॅकिंगचं काम मिळालं. उभ्यानं आठ तास. दारावर इंग्रजीत एक सूचना लावलेली होती, तीत तीन चुका होत्या. येताजाता तिला त्या दिसायच्या. तिनं कोणाला सांगितलं नाही. पहिलं वर्ष घरात ती बुधूशी कामापुरतंच बोलली. बुधूनं त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. ती कामावरून उशिरा आली की तो वाडीच्या वेशीशी दगडावर बसलेला असायचा, आणि ती दिसली की मागून चालायला लागायचा.

दोन हजार आठच्या फाल्गुनात तिचं लग्न झालं. मुलगा कसाऱ्याकडचा, शाम नावाचा, महामार्गाच्या कामावर मुकादम. बरा होता. राहीनं हो म्हटलं, कारण आता नाही म्हणायला काही कारण उरलं नव्हतं.

भाविका पुण्याहून आली. तिच्या खांद्याला, नोकरी नुकतीच ठरली होती त्या कंपनीच्या नावाची बॅग होती आणि फोन सारखा वाजत होता. तिनं राहीला मिठी मारली.

धवलेरीनं गाणं थांबवलं. बुधू सूप घेऊन मांडवात आला. सुपात काठोकाठ नागली. पावलापावलाला दाणे सांडत होते. त्यानं ती जयरामच्या पुढ्यात ओतली.

"घे तुझं. दे माझी पोर."

"घे बाबा," जयराम म्हणाला. "घे. तुजीच हाय."

बुधूनं राहीचं मनगट धरलं आणि म्हणाला, "माझी." आधी हळू. मग मोठ्यानं. "माझी पोर हाय ही! माझी!" चोवीस वर्षं कोंडलेलं ते एकदा सुटल्यावर त्याला आवरेना. तो वाजंत्र्यांपाशी गेला, त्यांना सांगितलं, ही माझी पोर. भात शिजवणाऱ्यांना सांगितलं. शामच्या बापाला दोनदा सांगितलं. लोक हसत होते, काही बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. मग तो भाविकापाशी आला आणि तिचा हात धरला.

"तुझ्याकडं फोन हाय ना गो? त्या ठाण्याच्या सायेबबाईला लाव. सांग, बुधू बोलायला तयार हाय. अंगठा देतो म्हणावं. उद्याच येतो. राहीला पण घेऊन येतो. तिचं पुस्तक हाय घरात, नीट ठेवलंय मी, उंदरांनी खाऊ नये म्हणून कणगीवर ठेवलंय."

भाविकानं राहीकडं पाहिलं आणि मान फिरवली.

बुधूला काहीच उमगत नव्हतं. तो राहीकडं वळला, आनंदानं भिजलेल्या चेहऱ्यानं. "बघ, बोललो का नाय? तू हायस. काय नाय झालं तुला."

"हो, मामा," राही म्हणाली.

"आता मामा नको." त्यानं दोन्ही हातांनी तिचं तोंड धरलं. "आता बाबा म्हण. एकदा म्हण. सगळ्यांपुढं म्हण."

सगळे बघत होते. राहीनं तोंड उघडलं. दोन अक्षरं होती, तिला येत होती, जयरामला तर ती शाळेत असताना रोज तसं म्हणायची. तिनं पुन्हा प्रयत्न केला. ओठ जुळले, आवाज निघाला नाही. बुधू तिच्या ओठांकडं बघत थांबला होता, आणि अक्षता हातात घेतलेली माणसंही थांबली होती. शेवटी शामच्या बापानं घड्याळ पाहिलं आणि वेळ टळते आहे म्हणून धवलेरीला खूण केली. तिनं पुढचं गाणं सुरू केलं.